पाठराखीण

“मॅट्रेस म्हणजे गादीच ना?” नानांनी विचारलं.

“हो. गादी एक, उशी एक, चादरी दोन,” मी वाचत होते. “बादली, मग, कुलूप. ताट, वाटी, पेला. टेबललॅम्प असल्यास आणावा.”

नाना वजनाच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर यादी उतरवून घेत होते. पाचोऱ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते काट्यावर होते. कापसाच्या गाड्या येत, त्यांचं वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. मराठी अक्षर सुरेख होतं त्यांचं, पण इंग्रजी येत नव्हतं. पुण्याच्या कॉलेजातून आलेलं मुलींच्या वसतिगृहाचं माहितीपत्रक सगळं इंग्रजीत, म्हणून मी ते मराठीत सांगत होते. आणि मराठीत सांगून झालं की तेच पुन्हा हातांनी ताईला सांगत होते.

प्रमिलाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. अशा मुलांची शाळा आमच्या गावात नव्हती आणि परगावी ठेवायला आईचं मन झालं नाही, त्यामुळे ती घरीच राहिली. मी झाले तेव्हा मला कडेवर घेऊन हिंडणारी तीच. तोंडानं बोलायला लागायच्या आधी मी तिच्याशी हातांनी बोलायला लागले, असं आई सांगायची. आमच्या खुणा आम्हाला कुणी शिकवल्या नव्हत्या. त्या आम्ही दोघींनीच केल्या होत्या. तराजूसारखा हात वरखाली केला की नाना. कपाळाला टेकवलेलं बोट म्हणजे आई. उद्या, परवा, राग, कंटाळा, पोटात येणारा गोळा, शेजारच्या काकूंचं वरवरचं हसू, सगळ्याला खूण होती. आईला त्यातल्या दहा-बारा यायच्या. जेव, पाणी आण, नीज, एवढ्यापुरत्या. नानांना त्याहून कमी. बाकी सगळं माझ्यामार्फत चाले. पाहुणे का हसले, नाना कुणावर चिडले, रस्त्यावर गर्दी कशाची, काही झालं की ताई माझी बाही ओढायची आणि मी सांगायचे.

त्या दिवशीही मी ‘ताट’ सांगितलं की ती उठून फडताळातून ताट काढून आणत होती. यादी संपली तेव्हा आमच्यासमोर दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले आणि दोन उशा मांडलेल्या होत्या.

आई हसली. “अगं, दोन कशाला?”

मी त्यातला एक-एक नग उचलून बाजूला ठेवला आणि ताईला सांगितलं, मी एकटीच जाणार आहे. लांब. खूप मुली राहतात अशा मोठ्या घरात. तिनं बाजूला ठेवलेलं ताट पुन्हा जागेवर आणून ठेवलं. मी पुन्हा उचललं. मग तिनं मान वळवली. ताई रुसली की माझ्या हातांकडे बघत नसे. आमच्यात अबोला असा असायचा. मी कितीही हात हलवले तरी ती भिंतीकडे बघत बसायची, आणि तिच्याशी बोलायला मला दुसरा रस्ताच नव्हता.

संध्याकाळी नाना ओट्यावर पाय धूत होते. मी टॉवेल घेऊन उभी होते. ते म्हणाले की पुण्याचं जरा थांबून ठरवू.

मी म्हटलं, “थांबून म्हणजे? तारीख आहे त्याला.”

“प्रमिलाचं काय करायचं ते ठरल्याशिवाय मला तुला पाठवता यायचं नाही.” त्यांनी टॉवेल घेतला. “लोक तिला मुकी म्हणतात. ती मुकी नाही, उजू. तू आहेस म्हणून नाही. तू गेलीस की होईल.”

नाना रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते काट्यावरचं वजन सांगावं तसं म्हणाले. मी आत गेले, माहितीपत्रक ट्रंकेत ठेवलं आणि ताईला सांगितलं, जाणं रद्द. ती लगेच हसली आणि माझ्या केसांत हात फिरवून भाकरी थापायला गेली.

बारावीला मी तालुक्यात मुलींत पहिली आले होते. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर शिकायला पुण्याला गेली नव्हती. पण खरं सांगायचं तर मला इंजिनिअर व्हायची एवढी ओढ नव्हती. मला अशा जागी जायचं होतं जिथे कुणी माझी बाही ओढणार नाही. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही फारसं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भुसावळच्या आत्याला पोस्टकार्ड लिहिलं. उन्हाळ्यात तिनं ताईसाठी शिरपूरचं एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा चौतीस वर्षांचा, बिजवर, पहिली बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई, पिठाची गिरणी. नानांनी तेव्हा विषय वाढू दिला नव्हता. मी लिहिलं, त्या स्थळाचं पुन्हा बघ, नाना आता ऐकतील. खाली आईचं नाव घातलं.

आठवड्याच्या आत आत्या त्या माणसाला घेऊन आमच्याकडे आली.

त्याचं नाव वसंत. पांढरा शर्ट घालून आला होता, तरी भुवयांत पीठ राहिलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसला. आत्या त्याच्या वतीनं बोलत होती. गिरणीत दिवसभर घरघर, दुसरी बाई कंटाळेल, हिला काय त्रास, असंही म्हणाली. नानांना ते आवडलं नाही. मग तो माणूस पहिल्यांदाच बोलला.

“गिरणी सुरू असली की आम्हालाही ऐकू येत नाही,” तो नानांना म्हणाला. “आम्ही दिवसभर हातवारेच करतो. यांच्या खुणा मला येत नाहीत, पण शिकेन मी.”

नानांनी त्याला एकदा नीट पाहून घेतलं. मग मला म्हणाले, “उजू, तिला आत ने. सगळं सांग. काही लपवू नकोस. ती हो म्हणाली तरच मी शब्द देईन.”

मी ताईला आतल्या खोलीत नेलं. दोन्ही हातांची बोटं कपाळावरून खाली सोडली. मुंडावळ्या, म्हणजे लग्न. ते तिनं आधीच ओळखलं होतं. मी गिरणीचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं, पहिली बायको मेली तेही सांगितलं. त्यात काही खोटं नव्हतं. ताई पलंगावर बसून माझे हात बघत होती. माझं संपल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. तिनं थोडा विचार केला आणि मान डोलावली.

मी बाहेर येऊन सांगितलं, “हो म्हणते.”

“नीट विचारलंस?” नाना म्हणाले.

“हो.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, माणूस बरा दिसतो.”

ताई त्याच्याबद्दल एक अक्षरही बोलली नव्हती. पण ते वाक्य ऐकून वसंतरावांनी मान खाली घातली आणि आईनं डोळ्यांना पदर लावला, आणि सगळं ठरून गेलं.

आषाढी एकादशीनंतर चार महिने मुहूर्त नव्हते. तेव्हा दहा जुलै धरली. पुढचे दिवस घरात दोन तयाऱ्या एकाच वेळी चालल्या होत्या. ओसरीच्या एका बाजूला रुखवताची भांडी, दुसऱ्या बाजूला माझी ट्रंक. आई बाजारात गेली की दोघींचं आणायची. ताईसाठी पातळं, माझ्यासाठी पंजाबी ड्रेस. गादीवाल्याला बोलावून तिनं ओसरीतच कापूस पिंजून घेतला आणि दोन गाद्या भरून घेतल्या. नानांनी माझ्या बादलीवर, मगवर, ताटाच्या मागे खिळ्यानं नाव कोरलं, उ. द. भावसार. ताई ते बघत असायची, पण तिनं काही विचारलं नाही. सगळं सामान एकाच ठिकाणी चाललंय असं तिला वाटत होतं, आणि मी तसं वाटू देत होते.

एका संध्याकाळी नानांनी मला बोलावून सांगितलं, “ताईबरोबर पाठराखीण म्हणून तूच जा. चार दिवस नको, चांगली पंधरा दिवस राहा. जावयांना, त्यांच्या आईला सगळ्या खुणा शिकव. मग मी येतो आणि तुला पुण्याला पोचवतो. त्या कागदात तारीख काय दिलीय?”

“चौदा जुलै.”

“उशीर चालत नाही का?”

माहितीपत्रक माझ्या हातात होतं. मी ते उघडून शेवटच्या पानावर बोट फिरवलं. “नाही,” मी म्हटलं. “चौदाला हजर नसले तर जागा दुसरीला देतात.”

नानांनी मान हलवली. मग तीन दिवस तर तीन दिवस, म्हणाले.

लग्न आमच्याच दारात झालं. ताई सुंदर दिसत होती. तिच्या चेहऱ्यावर नवरीची भीती नव्हती, हे पाहून बायका आपसांत कुजबुजल्या की हिला काही कळतंय का. पाठवणीच्या वेळी आई रडली, नाना रडले, ताई रडली नाही. ती जीपमध्ये चढली, सरकून बसली आणि शेजारची जागा थोपटली. मी तिच्या शेजारी बसल्यावर तिनं माझा हात हातात घेतला आणि आतल्या खोलीत विचारला होता तोच प्रश्न पुन्हा विचारला. आधी माझ्याकडे बोट, मग तिच्याकडे, मग तळवा जमिनीकडे दाबून धरला. तू पण? माझ्याबरोबर? तिथंच राहशील?

मी आतल्या खोलीत दिलं होतं तेच उत्तर दिलं. हो.

शिरपूरचं घर गिरणीच्या मागेच होतं. दोन खोल्या, न्हाणीघर आणि पत्र्याची पडवी. गिरणी चालू झाली की भिंतीवरचे फोटो थरथरत. ताईनं भिंतीला तळवा लावून पाहिलं आणि तिला ते फार आवडलं. दिवसातून दहा वेळा ती हात लावून बघायची. सासूबाई गरीब स्वभावाच्या होत्या. वसंतराव रात्रीचं जेवण झालं की वहीपेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि एकेक खूण विचारून तिचं चित्र काढायचे. पहिल्या दिवशी सात झाल्या, दुसऱ्या दिवशी नऊ. पाणी, भूक, डोकं दुखतं, नको, ये, आई. सोळा खुणांत बाई संसार कसा करेल, असा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. मी तो पुढे जाऊ दिला नाही.

ताईनं तिच्या कपाटातला खालचा खण रिकामा करून माझे चार कपडे त्यात घड्या घालून ठेवले होते. माझ्यासाठी पाण्याचा वेगळा तांब्या लावला होता.

तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा होती. नाना सकाळीच ट्रंक आणि गादी घेऊन आले. सामान त्यांनी एसटी स्टँडवर ओळखीच्या हॉटेलात ठेवलं होतं. पुण्याला जाणारी गाडी धुळ्याहून होती आणि धुळ्याची गाडी साडेबाराला. नानांनी मला विचारलं, “प्रमिलाला सांगितलंस ना नीट?” मी म्हटलं, “सांगितलं.” सांगेन, असंच मी स्वतःला तीन दिवस बजावत होते. सकाळी सांगेन. पूजेआधी सांगेन. पूजा अकराला सुरू झाली.

ताई आणि वसंतराव पाटावर बसले होते, शेल्याची गाठ बांधून. भटजी सांगत तसा वसंतराव हात लावत आणि ताई त्यांच्या हाताला हात लावी. बारा वाजून गेले. कथेचे अध्याय सुरू होते. नाना दारातून मला बघत होते. मी उठले, आत गेले, खालच्या खणातून माझे कपडे काढून पिशवीत कोंबले आणि बाहेर आले. बायकांच्या मागून जाताना मी वळून पाहिलं तर ताई माझ्याकडेच बघत होती. तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. तिनं भुवया उंचावल्या.

मी एका हातानं खूण केली, आलेच. आत्ता येते.

रस्त्यावर येऊन पंधरावीस पावलं गेलो असू. मागून आवाज आला. ताईचा आवाज. तिला तो कधी ऐकू आला नव्हता, आणि लोक दचकतात म्हणून आईनं लहानपणापासून तिला तोंड मिटून ठेवायला शिकवलं होतं. परक्या माणसांत तिनं कधी आवाज काढला नव्हता. त्या दिवशी पूजेला जमलेल्या सगळ्या गावासमोर तिनं काढला. त्यात शब्द नव्हता. पण तो माझ्यासाठी होता.

नाना थांबले. “काय झालं तिला?”

“काही नाही,” मी म्हटलं. “धुरानं होतं तसं. चला, गाडी जाईल.”

ते आणखी क्षणभर थांबले. मग चालू लागले.

वसतिगृहाच्या ऑफिसात रेक्टरबाईंनी आमच्याकडे पाहिलं. नानांच्या सदऱ्यावर हळदीचा डाग होता, माझ्या हातावर मेंदी. त्यांनी विचारलं तेव्हा नानांनी मोकळेपणानं सांगून टाकलं, थोरलीचं लग्न परवाच झालं, तिच्या सासरहून थेट इकडे आलो.

“अहो, मग एवढी धावपळ कशाला केलीत?” बाई म्हणाल्या. “एक पत्र टाकायचं. पंधरा दिवस जागा राखून ठेवतो आम्ही. माहितीपत्रकात शेवटी छापलंय की.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मवर सही करत होते. सही करायला लागावा त्याहून जास्त वेळ मी ती करत राहिले.

पुरुषांना ऑफिसच्या पुढे परवानगी नव्हती. नानांनी ट्रंक पायरीपर्यंत आणून दिली, त्यावर गादीची वळकटी ठेवली, बादली ठेवली. त्यांना विचारायचं होतं हे मला दिसत होतं. मी वाट बघत होते, आणि त्यांनी विचारू नये म्हणून प्रार्थनाही करत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “जेवत जा वेळेवर.” आणि गेले. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगायला मला अजून जड जातं. मी तिथं आनंदात होते. खोलीतल्या दोन मुली घरच्या आठवणीनं रडायच्या आणि मी त्यांची समजूत काढायचे. मला गाढ झोप लागायची. मेसमध्ये जेवताना कुणी काही बोललं की मी नुसतं ऐकायचे, ते पुढे कुणाला सांगायचं नव्हतं. फक्त एक गोष्ट राहिली होती. बोलताना माझे हात हलायचे. रत्नागिरीची मेधा नावाची मुलगी माझ्या खोलीत होती, ती एकदा हसून म्हणाली, तू काय नाटकात काम करतेस का? तेव्हापासून मी बोलताना हाताची घडी घालायला लागले. दोन महिन्यांत ती सवयही गेली.

आईचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, प्रमिला त्या दिवशी पूजेवरून उठली, गाठीसकट. जावयांना तिच्यामागे रस्त्यापर्यंत फरफटत जावं लागलं. लोकांनी फार नावं ठेवली. नंतर आठ दिवस ती गिरणीच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होती. आता बरी आहे. कामाला लागली आहे. तू काळजी करू नकोस, अभ्यास कर. तिनं आणखी एक लिहिलं होतं. नाना दर महिन्याला एका रविवारी शिरपूरला जायला लागलेत, तिच्याजवळ बसतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले आणि दिवाळसणाला ताईही आली. मी दारातच उभी होते. वाटेत मी ठरवलं होतं, ती रागवेल, मान वळवेल, माझ्या हातांकडे बघणार नाही. चार दिवस बघणार नाही. मग बघेल. तिचा अबोला मला पाठ होता.

ती रागावली नाही. ती आली, माझ्याकडे पाहून हसली आणि तिनं मला खूण केली, जेवलीस?

मी हात वर केले आणि भराभर सांगायला लागले, कॉलेजचं, खोलीचं, ताई माझं चुकलं, ताई ऐक. ती शांतपणे बघत होती. मी थांबल्यावर तिनं पुन्हा खूण केली, पाणी हवं? आणि पाणी आणून दिलं. रात्री खूण केली, नीज आता.

चार दिवस ती माझ्याशी तेवढ्याच खुणा बोलली. जेव, पाणी, नीज. आईशी, नानांशी, शेजाऱ्यांशी ज्या खुणा बोलायची, त्याच. उद्यापरवा नाही, राग नाही, कंटाळा नाही. तिनं मला बाकीच्यांत नेऊन बसवलं होतं.

त्यानंतर अकरा वर्षं गेली. मी इंजिनिअर झाले, नाशिकला नोकरीला लागले, लग्न केलं. ताईला आम्ही पाचोऱ्याला सणावारी भेटायचो. ती प्रेमानं वाढायची, माझ्या मुलाला मांडीवर घ्यायची. शिरपूरला मात्र मी गेले नाही. दर वेळी काही ना काही निघायचं. नानांनी त्या माहितीपत्रकाबद्दल मला अखेरपर्यंत विचारलं नाही. ते गेले, आई ताईकडे राहायला गेली, आणि मग मला जाणं टाळता येईना.

गिरणी वाढली होती, दोन चक्क्या झाल्या होत्या. वसंतरावांचे केस पिकले होते, का पीठ होतं, कळलं नाही. ते आणि ताई बोलत होते. चांगलं घडाघडा बोलत होते, हातांनी, मान हलवत, मध्येच हसत. त्यातली एकही खूण मला कळत नव्हती. त्यांच्या मुलीचं नाव चेतना. नऊ वर्षांची होती. ती दप्तर टाकून आईशी हातांनी भांडली, बापाशी तोंडानं भांडली आणि आजीकडे जाऊन बसली.

दुपारी स्वयंपाकघरात ताई आणि मी दोघीच होतो. तिनं चहा केला होता. मी कप खाली ठेवला. नाशिकपासून मी मनातल्या मनात हात हलवत आले होते. मी माझ्याकडे बोट केलं, मग तिच्याकडे. मुंडावळ्या केल्या. आतली खोली, तुझा प्रश्न, माझं उत्तर. मग जिभेला बोट लावून ते झटकलं. ती आमची खोट्याची खूण होती. खोटं, मी सांगितलं. मी खोटं बोलले. मला माहीत होतं मी राहणार नाही.

ताई माझे हात बघत होती. मग तिनं नजर वर करून माझा चेहरा पाहिला. आणि टाळी वाजवून मुलीला बोलावलं.

चेतना आली. ताईनं तिला काही सांगितलं.

“मावशी, आई म्हणते, तुझ्या खुणा तिला कळत नाहीत,” चेतना म्हणाली. “तू मला तोंडानं सांग. मी तिला सांगते.”

अकरा वर्षांत माणूस भाषा विसरू शकतं. मीही बरंच विसरले होते. पण ती भाषा जगात दोघींनाच येत होती, आणि ती विसरली का नाही हे तिच्याशिवाय कुणीच सांगू शकत नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होती. मुलगी दोघींच्या मध्ये उभी राहून वाट बघत होती. मी आत्ता सांगितलं असतं तर तिनं जसंच्या तसं सांगितलं असतं. नऊ वर्षांच्या पोरीवर हे कसं टाकायचं, असं मी मनाशी म्हटलं. पण मला ठाऊक होतं की मी थांबले ते त्या पोरीसाठी नाही.

“सांग तिला,” मी म्हटलं, “चहा छान झालाय.”

चेतनानं दोन खुणांत सांगून टाकलं. ताईनं ते पाहिलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलली नाही. मग तिनं मुलीला एक छोटी खूण केली.

“आई विचारते, एवढंच?”

“हो,” मी म्हटलं. “एवढंच.”